दैव पाचवे

विठाबाई नारायणगावकरांचा विषय निघाला की बोलणे बहुधा दोन वाक्यांवर येऊन थांबते. असा गळा आणि असा पाय पुन्हा होणे नाही, हे पहिले. आणि शेवटी नशिबात होते ते भोगावे लागले, हे दुसरे. पहिल्या वाक्याबद्दल वाद नाही. दुसरे मात्र इतक्या सहज उच्चारले जाते, इतक्या हळहळीने उच्चारले जाते, की ते एक तत्त्वज्ञानातले विधान आहे याचा विसर पडतो. एका बाईच्या दारिद्र्याचे कारण तिच्या पूर्वकर्मात आहे, असे ते विधान सांगते. हे खरे की खोटे याचा विचार करायला नाशिक जिल्ह्यातल्या सटाण्याइतकी योग्य जागा क्वचितच असेल, कारण हे गाव ज्या माणसाला देव मानते त्याने नेमक्या याच विधानाला नकार दिला होता. त्याच्याकडे पुढे वळूच. आधी ज्यांच्या नशिबाबद्दल आपण बोलतो त्यांचे आयुष्य पाहू.

विठाबाईंचा जन्म १९३५ साली पंढरपुरात झाला, म्हणून नाव विठ्ठलाचे. घराणे भाऊ-बापू मांग नारायणगावकरांचे, म्हणजे तमाशा वारशानेच आलेला. लहानपणीच त्या बोर्डावर उभ्या राहिल्या आणि पुढची अनेक वर्षे महाराष्ट्रातल्या यात्रा-जत्रा त्यांच्या नावावर भरल्या. १९६२ च्या चीन युद्धाच्या वेळी सीमेवरच्या जवानांसमोर त्यांनी कार्यक्रम केले. १९५७ आणि १९९० अशी दोनदा राष्ट्रपती पदके मिळाली. जानेवारी २००२ मध्ये त्या गेल्या तेव्हा हाताशी पैसा नव्हता आणि उपचारांचा खर्च दानशूरांच्या मदतीतून भागवावा लागला होता. त्यांच्याबद्दल सर्वाधिक सांगितली जाणारी गोष्ट बाळंतपणाची. दिवस भरलेले असताना खेळ चालू होता, कळा सुरू झाल्या, त्या आत गेल्या, बाळंत झाल्या, दगडाने नाळ तोडली आणि पुन्हा प्रेक्षकांसमोर आल्या. ही गोष्ट आपण कलानिष्ठेचा कळस म्हणून सांगतो, आणि ती निष्ठा खरीच होती. पण त्याच गोष्टीला दुसरी बाजू आहे. नऊ महिन्यांच्या गरोदर बाईला त्या रात्री नाचावे का लागले? खेळ झाला नाही तर त्या दिवसाची कमाई नाही, आणि फडावर जेवणारी तोंडे अनेक, हे त्याचे साधे उत्तर आहे. गोष्टीतले शौर्य इतके झगझगीत आहे की हा प्रश्न त्याच्या मागे दिसेनासा होतो. माझ्या मते नशिबाचे वाक्यही असेच काम करते. ते खोटे आहे म्हणून घातक नाही, त्याच्यामागे काय झाकले जाते म्हणून घातक आहे.

झाकले काय जाते ते दुसऱ्या एका गायिकेच्या आयुष्यात जास्त स्पष्ट दिसते, कारण तिने ते झाकण स्वतःच्या हाताने उचलले. रूथ ब्राऊन ही अमेरिकेतली कृष्णवर्णीय गायिका, जन्म १९२८, व्हर्जिनियातल्या पोर्ट्समथची. वडील चर्चमधल्या गायनवृंदाचे प्रमुख. त्यांच्या दृष्टीने देवाचे गाणे तेवढे गाणे, बाकीचे पाप. मुलगी मात्र ऱ्हिदम अँड ब्लूजकडे वळली. हे संगीत गुलामीतून सुटलेल्या आणि तरीही समाजाच्या तळाशी ठेवलेल्या लोकांचे. १९४९ पर्यंत तिथल्या व्यापारी यादीत त्याला सरळ वंशाच्या नावाने ओळखत असत. त्यातले बरेच सूर चर्चमधून आलेले आणि दुःख रोजच्या जगण्यातले. आपल्याकडे गण आणि गवळण म्हटल्याशिवाय वगाला सुरुवात होत नाही, आणि तो वग रंगवणारे मांग, महार, कोल्हाटी समाजाचे लोक असतात, हे ज्याला ठाऊक आहे त्याला या संगीताची घडण परकी वाटणार नाही. १९५० नंतर रूथ ब्राऊनची गाणी एकामागून एक इतकी खपली की तिची रेकॉर्ड कंपनी अटलांटिक ही 'रूथने बांधलेले घर' म्हणून ओळखली जाऊ लागली. साठच्या दशकात लोकांची आवड बदलली, करार संपला. मग मुले वाढवण्यासाठी तिने लोकांच्या घरी धुणीभांडी केली, शाळेची बस चालवली. तिची गाणी तेव्हाही विकली जात होती.

इथवर ही कहाणी विठाबाईंच्या कहाणीसारखीच आहे आणि इथे थांबली असती तर तिच्याही वाट्याला तेच वाक्य आले असते. पण रूथ ब्राऊनने एक वकील गाठला आणि हिशेबाच्या वह्या उघडायला लावल्या. त्या काळच्या कराराची रीत अशी होती की ध्वनिमुद्रणाचा, साथीदारांचा, जाहिरातीचा खर्च कलावंताच्या खाती मांडला जाई. तो फिटल्याशिवाय कलावंताला रॉयल्टीतला पैसा मिळत नसे आणि तो फिटला असे वह्यांत सहसा दिसतच नसे. जिच्या आवाजावर कंपनी उभी राहिली ती बाई कागदोपत्री कंपनीचीच देणेकरी होती. अनेक वर्षांच्या झगड्यानंतर १९८८ मध्ये अटलांटिकने तिची आणि तिच्यासारख्या इतर जुन्या कलावंतांची ही खात्यावरची देणी माफ केली, मागील काळाची रॉयल्टी मान्य केली आणि अडचणीतल्या वृद्ध कलावंतांच्या मदतीसाठी ऱ्हिदम अँड ब्लूज फाउंडेशन उभे राहावे म्हणून पैसाही दिला. माझ्या दृष्टीने ही घटना तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्याने नीट अभ्यासावी अशी आहे. वीस-पंचवीस वर्षे ज्याला प्रारब्ध म्हणता आले असते, ते वह्या उघडताच थकबाकी निघाले. जे खरोखर पूर्वजन्मीचे असते ते वकिलाच्या पत्राने बदलायला नको होते.

तमाशाच्या हिशेबाची वही कुठे असते? कलावंताच्या हातात ती क्वचितच असते. हंगाम दसऱ्याला सुरू होतो आणि वैशाखात संपतो. पावसाळ्यात तंबू उभा राहत नाही. त्या रिकाम्या महिन्यांत घर चालावे म्हणून कलावंत फडमालकाकडून उचल घेतात, आणि उचल देता यावी म्हणून फडमालक स्वतः व्याजाने पैसा उचलतो. गुढीपाडव्याच्या सुमारास नारायणगावात राहुट्या लागतात, गावोगावचे यात्रेचे पंच येतात, सुपारी ठरते. त्या सुपारीतून आणि तिकिटातून आधी व्याज जाते, मग गाड्यांचे डिझेल, मग जनरेटर, मग माणसे. वैशाख उलटेपर्यंत पुढच्या उचलीची वेळ आलेली असते. अवकाळी पावसाने चार रात्री खेळ बुडाले, किंवा २०२० च्या चैत्रात झाले तसे टाळेबंदीत सगळ्या यात्राच रद्द झाल्या, की वर्षभराचा मेळ कोसळतो. म्हणजे सावकाराचा धोका फडमालकावर, फडमालकाचा कलावंतावर, आणि कलावंताच्या खाली कोणी नाही. फडमालक खलनायक आहे असे मला म्हणायचे नाही. विठाबाई स्वतः फड चालवत होत्या आणि तो चालवताना त्याही याच चक्रात होत्या. व्यवस्था अशी आहे की तिच्यात सर्वांत वर नाव असलेल्या माणसाच्याही हाती शेवटी काही उरत नाही. जन्माने कुलकर्णी असलेले पठ्ठे बापूराव १९४५ साली पुण्यात गेले तेव्हा तेही विपन्नच होते. त्यांनी शाहू महाराजांसमोर वग केला होता, त्यांच्या लावण्या घराघरांत पोचल्या होत्या. जातीने खालच्या मानलेल्या माणसाचे पूर्वकर्म म्हणून जे सांगितले जाते, ते त्याच धंद्यात उतरलेल्या ब्राह्मणाच्या वाट्यालाही हुबेहूब तसेच यावे, याचा अर्थ कारण जन्मापेक्षा धंद्याच्या रचनेत शोधायला हवे. जातीने त्यात भर घातली, इतकी की तिचे माप वेगळे काढावे लागेल. पण मूळ गळती वहीतच होती.

आता शास्त्राकडे वळू, कारण नशिबाचे वाक्य बोलणाऱ्याला वाटत असते की परंपरा आपल्या बाजूने आहे. तशी ती नाही. गीतेच्या अठराव्या अध्यायात कोणत्याही कर्माच्या सिद्धीची पाच कारणे दिली आहेत: ज्या ठिकाणी आणि ज्या देहात ते घडते ते अधिष्ठान, कर्ता, साधने, नाना प्रकारच्या क्रिया, आणि पाचवे दैव. या क्रमाकडे आपण पुरेसे लक्ष दिलेले नाही. दैव नाकारलेले नाही, पण त्याला पाचव्या जागी बसवले आहे, आणि चारांची मोजणी झाल्याशिवाय पाचव्याचे नाव घेणे हा त्या श्लोकाचाच अवमान आहे. बौद्ध परंपरा याहून स्पष्ट बोलते. संयुत्तनिकायातल्या सीवकसुत्तात माणसाला होणाऱ्या वेदनांची आठ कारणे सांगितली आहेत. पित्त, कफ, वात, या तिघांचा संयोग, ऋतुबदल, स्वतःकडे केलेले दुर्लक्ष, बाहेरून झालेला आघात, आणि आठवे कर्मविपाक. जे जे भोगावे लागते ते सगळे पूर्वकर्मामुळेच, असे म्हणणारे लोक स्वतःला आणि जगाला जे सरळ दिसते त्याच्या पलीकडे धावतात, असे बुद्ध तिथे म्हणतात. बाबासाहेब आंबेडकरांनी 'द बुद्ध अँड हिज धम्म' मध्ये याच धाग्याला पुढे नेऊन विचारले की गतजन्मीच्या कर्माच्या सिद्धांताचा उपयोग तरी काय, आणि त्याचे उत्तर असे दिले की दीनदुबळ्यांच्या स्थितीची जबाबदारी राज्याला आणि समाजाला टाळता यावी, एवढाच. गीता आणि बाबासाहेब एकाच बाजूला ठेवताना अनेकांना अवघडल्यासारखे होईल, आणि त्या दोघांतले अंतर पुसण्याचा माझा हेतू नाही. पण या एका मुद्द्यावर, म्हणजे दैवाकडे जाण्याआधी दिसणारी कारणे मोजा यावर, दोन्हीकडून निघालेली वाट एकाच ठिकाणी येते.

आणि त्या ठिकाणी सटाणा आहे. यशवंत महादेव भोसेकर हे इंग्रजी अमलातले मामलेदार. १८७० च्या सुमारास बागलाणात दुष्काळ पडला तेव्हा ते सटाण्यात होते. उपाशी लोक कचेरीच्या दारात आले, आणि भोसेकरांनी सरकारी खजिना उघडून वाटला. एक लाख सत्तावीस हजार रुपये, असा आकडा सांगतात. १८८७ मध्ये ते नाशिकला वारले, आणि सटाण्यात देवमामलेदार म्हणून त्यांचे मंदिर उभे राहिले. मार्गशीर्ष वद्य एकादशीला यात्रा सुरू होते आणि महापूजेला आजही तहसीलदार बसतात. त्यांच्या चरित्रातला सर्वांना पाठ असलेला भाग असा की चौकशी करायला वरिष्ठ आले तेव्हा खजिन्यात रक्कम पूर्ण भरली. भाविकाच्या श्रद्धेला मी हात लावत नाही. पण चमत्कार नंतरचा आहे. खजिना उघडताना मामलेदाराला ठाऊक असलेली गोष्ट एवढीच होती की आपली नोकरी जाईल, कदाचित तुरुंग घडेल. त्या क्षणी त्यांच्यासमोर पाऊस नव्हता हे दैव होते, आणि कोठारात पैसा होता हे दैव नव्हते. या दोन गोष्टी त्यांनी वेगळ्या ओळखल्या. दुष्काळात मरणारा माणूस आपल्या प्रारब्धाने मरतो आहे, असे म्हणायला त्यांना शास्त्रही होते आणि सरकारी नियमही. त्यांनी तसे म्हटले नाही, म्हणून ते देव झाले. त्यांच्याच यात्रेत तमाशाचा तंबू उभा राहतो, आणि त्या तंबूत नाचणाऱ्या बाईच्या म्हातारपणाबद्दल आपण नशीब म्हणतो. ज्याची पूजा करतो त्याचा नकार आपल्याला ऐकू आलेला नाही.

बागलाणचा शेतकरी स्वतःच्या बाबतीत मात्र हा भेद चोख जाणतो. गारपिटीने द्राक्षबाग झोपली तर तो कपाळाला हात लावतो. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राने कांद्यावर निर्यातबंदी घातली आणि भाव पडले तेव्हा त्याने प्रारब्ध म्हटले नाही, तो रस्त्यावर बसला. गारपीट आणि निर्यातबंदी यांतला फरक त्याला कोणा पंडिताने शिकवावा लागला नाही. तोच फरक तमाशाच्या फडाला लागू करायचा आहे, याहून अधिक काही मी मागत नाही.

यावर पहिला आक्षेप असा येईल की कलावंतांचा पैसा कलावंतांनीच उडवला. व्यसने, चुकीची माणसे, हिशेब न ठेवणे. रूथ ब्राऊननेही आपल्या निवडींवर पांघरूण घातले नव्हते. हे खरे आहे, आणि गीतेच्या यादीत कर्ताही आहेच. सीवकसुत्तातही स्वतःकडचे दुर्लक्ष सहावे कारण आहे. पण कर्त्याला मोजायचे तर सगळ्या कर्त्यांना मोजावे लागेल. उधळा माणूस पगारदार असेल तर निवृत्तीनंतर त्याला निवृत्तिवेतन मिळते, त्याच्या उधळेपणाची शिक्षा त्याला दारोदार फिरवत नाही. एकाच दोषाची किंमत एकाला पश्चात्ताप आणि दुसऱ्याला औषधाविना मरण अशी लागत असेल, तर दोषाने तो फरक घडवलेला नाही. शिवाय जिला आठ महिने रोज नवे गाव आणि चार महिने शून्य उत्पन्न आहे, जिच्या पैशाला ठेवायला बँकेचे दारही कित्येक वर्षे परके होते, तिच्या बेहिशेबीपणाला स्वभाव म्हणताना जरा थांबावे.

दुसरा आक्षेप जास्त खोल आहे आणि रसिकांचा लाडका आहे. दुःखातूनच असे गाणे निघते, म्हणतात. पोट भरलेले असते तर विठाबाईंच्या आवाजात ती धार आली असती का, असा हा प्रश्न. यात दुःख आणि दारिद्र्य एकच धरले आहे. विरह, मृत्यू, अपमान, देवाची ओढ, यांतून गाणे येते आणि ही दुःखे भरल्या घरातही पुरेशी असतात. थकलेल्या व्याजातून कोणाचा षड्ज सुधारल्याचे उदाहरण मला माहीत नाही. पुरावाच हवा तर रूथ ब्राऊनचा आहे. हिशेब मिटल्यानंतर तिचा आवाज आटला नाही. १९८९ मध्ये साठी ओलांडल्यावर तिला न्यूयॉर्कच्या रंगभूमीवरचा टोनी पुरस्कार मिळाला आणि पाठोपाठ ग्रॅमीही. आणि समजा, वादासाठी मान्य केले की दारिद्र्याने आवाजाला धार येते. तरी दुसऱ्याच्या उपाशीपणातून आपला आनंद वाढतो म्हणून तो उपाशीपणा चालू राहू द्यावा, असे म्हणणारा माणूस रसिक असू शकतो, धार्मिक असू शकत नाही.

तिसरा आक्षेप व्यवहाराचा. प्रेक्षकाने तिकीट काढले, पंचांनी सुपारी दिली, मग देणे उरले कुठे? हा प्रश्न न्याय्य आहे. एका रात्रीचे तिकीट हे एका रात्रीचे मोल आहे असे मानले तर देणे उरत नाही. पण रेकॉर्ड पुन्हा पुन्हा वाजते, चालीवर चित्रपट निघतात, कलावंतिणीच्या नावाने यात्रेची गर्दी होते आणि त्या गर्दीवर पाळणेवाला, मिठाईवाला, दारूचा गुत्ता आणि गावचा फंड असे सगळे वर्षाचे कमावतात. त्या कमाईत तिचा वाटा कधी मोजलाच गेला नाही. राज्य सरकारने २००६ मध्ये विठाबाईंच्या नावाने जीवनगौरव पुरस्कार सुरू केला, वृद्ध कलावंतांना मासिक मानधनही आहे. दोन्ही चांगलेच आहेत. पण ते शेवटच्या पानावर येतात, आणि जो पैसा आधीच्या पानांवर गळाला त्याचा त्यात उल्लेख नाही. शेवटी मिळालेल्या मदतीबद्दल माणसाने हात जोडायचे असतात, हिशेबातून आलेल्या पैशाबद्दल ते जोडावे लागत नाहीत, आणि आयुष्यभर ताठ उभे राहून गायलेल्या बाईसाठी हा फरक लहान नाही.

राहिला शेवटचा आक्षेप, आणि तोच खरा धार्मिक आहे. अनेक कलावंत स्वतःच म्हणतात की आमच्या कपाळी होते. ज्यांनी सोसले त्यांनी स्वीकारले असेल तर तक्रार करणारे आपण कोण? इथे तुकोबांची आठवण महत्त्वाची आहे. त्यांच्या काळातल्या दुष्काळानंतर त्यांनी घरातली कर्जखते वाटून घेतली आणि आपल्या वाटणीची इंद्रायणीत बुडवली, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. ते येणेकरी होते. सोडले ते स्वतःचे येणे. भावाच्या वाटणीची खते त्यांनी बुडवली नाहीत, आणि ऋणकोंनी परस्पर ती बुडवली असती तर त्याला वैराग्य म्हणता आले नसते. प्रारब्ध म्हणून शांत होण्याचा अधिकार असाच आहे. ज्याचे येणे आहे त्याला तो आहे. विठाबाईंनी म्हातारपणी आपल्या भोगाला प्रारब्ध म्हटले असेल तर ते त्यांचे मोठेपण, आणि त्यापुढे मान लववावी. तेच शब्द आपण त्यांच्याबद्दल म्हणतो तेव्हा त्यांची कर्जखते आपण आपल्या सोयीने नदीत टाकत असतो. कर्मसिद्धांत स्वतःच्या दुःखाकडे पाहताना धीर देतो, दुसऱ्याच्या दुःखाकडे पाहताना तोच माणसाला निगरगट्ट करतो. सिद्धांत एकच, पण तो कोण कोणाबद्दल बोलतो यावर त्याचा धर्म किंवा अधर्म ठरतो.

मग पाचव्या कारणाला काहीच उरत नाही का? उरते, आणि बरेच उरते. एकाच घराण्यात, एकाच तालमीत, एकाच तंबूत वाढलेल्या मुलींपैकी एकीलाच तो आवाज का यावा, याचे उत्तर ना वहीत आहे ना वर्गलढ्यात. रियाज सगळ्यांनी केला होता. पोर्ट्समथच्या चर्चमध्ये मुले अनेक गात होती. इथे चार कारणे मोजून संपतात आणि तरीही काही शिल्लक राहते, आणि त्या शिल्लकीला दैव म्हणा, प्रसाद म्हणा, मला चालेल. आपण मात्र उलटे करतो. विठाबाईंच्या गुणांचे श्रेय मेहनतीला देतो आणि त्यांच्या गरिबीचे कारण दैवात शोधतो. जे मोजता येत नाही ते मोजल्यासारखे बोलतो, आणि जे रुपये-आण्यांत मोजता येते त्याला अगम्य ठरवतो.

मोजायला सुरुवात करायची तर ती यात्रेच्या पंचांपासून होऊ शकते. सुपारीचा करार तोंडी असतो तो लेखी करावा. पावसाने किंवा बंदोबस्ताच्या कारणाने खेळ बुडाला तर किती रक्कम द्यायची ते आधीच लिहावे. फडातल्या प्रत्येक कलावंताचा अपघाती आणि आजारपणाचा विमा उतरवलेला आहे का, हे सुपारी देतानाच विचारावे आणि त्याचा हप्ता यात्रेच्या जमाखर्चात धरावा. उचलीसाठी सावकाराऐवजी पतसंस्थेचे दार उघडता येते का, हे सहकाराचा एवढा अनुभव असलेल्या नाशिक जिल्ह्याने तपासायला हवे. देवमामलेदारांच्या यात्रेचा जमाखर्च दरवर्षी होतोच. त्यात आरास, मंडप, पाणी, वीज यांच्या रकमा असतात. त्याच वहीत एक स्तंभ फडांसाठी वाढवायचा आहे, आणि तो येत्या मार्गशीर्षात वाढवता येईल.